घड्याळ, गाणं आणि धावणं

श्रोतेहो, नमस्कार.

नव्याने धावायला लागलेली बरीच माणसं घाईपायी धावणं सोडून देतात. नवे बूट येतात, पहिल्या फेरीला माणूस सुसाट सुटतो, दुसऱ्या फेरीत छातीचा भाता होतो आणि आठवडाभरात बूट माळ्यावर जातात. अशा वेळी हळू धावायला शिकवणारं कुणीतरी सोबत लागतं. ते काम मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणि कानातलं गाणं फार छान करतात, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत जॉश क्लार्क यांनी 1996 मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईला धावता यावं म्हणून एक वेळापत्रक आखलं. ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे कोचावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत, या नावाने ते पुढे जगभर पोचलं. 9 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस. पहिल्या आठवड्यात थोडं भरभर चालून झालं की 60 सेकंद धावायचं आणि 90 सेकंद चालायचं, असं 20 मिनिटं. आता हे सगळं घड्याळात भरून ठेवता येतं. मनगटावर थरथर झाली की धावायचं, पुन्हा झाली की चालायचं. अजून किती उरलंय, हा जीव खाणारा प्रश्नच उरत नाही आणि मग आजूबाजूची झाडं दिसायला लागतात.

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर शोषण कमी-जास्त होतं आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल तर आकडा चुकतो, म्हणून धावताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधा. नाडी मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकते, हे काढायला 220 मधून वय वजा करायचं, हे सूत्र ढोबळ आहे. त्यावर फार विसंबू नका. धावता धावता सोबत्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर आहे असं समजा.

आता माझ्या आवडीचा भाग. संगीताने श्रम हलके होतात, हे आपल्याला कुणी प्रयोगशाळेतून सांगायला नको. आळंदीहून पंढरपूरला टाळ-मृदंगावर चालणारी माणसं वेळापूरजवळ चक्क धावतात! इथिओपियाचा महान धावपटू हेले गेब्रसेलासी यानेही 1998 मध्ये बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये त्याच्या पसंतीचं गाणं लावलं होतं. त्या ठेक्यावर त्याची पावलं पडत होती.

तुमचं गाणं शोधायची एक रीत सांगते. सावकाश धावताना उजवं पाऊल 15 सेकंदांत किती वेळा पडतं, ते मोजा. 20 आलं, तर मिनिटाला 80. ज्या गाण्यावर मिनिटाला 80 टाळ्या वाजवता येतात, ते तुमचं गाणं. त्याची चाल तुमच्या पावलांना घाई करू देणार नाही. आणि दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, जरूर ऐका. आठ मात्रांच्या केरव्यात प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकलं, तर ठेक्याचा जोर दर वेळी त्याच पायावर येतो. दादऱ्यात तीन-तीन मात्रांमुळे तो एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर येतो. धावताना ही अदलाबदल अंगाला जाणवते, आणि मला त्याचा अजूनही नव्याने आनंद होतो.

रस्त्यावर मात्र एक कान मोकळा ठेवा. पहाटेचे टँकर आणि भटकी कुत्री आपल्या गाण्यासाठी थांबत नाहीत. गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे, कान उघडे ठेवणारे इअरफोनही मिळतात. रस्त्यावर धावणाऱ्यांनी त्यांचा जरूर विचार करावा.

आणि हो, त्या वेळापत्रकात पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी न थांबता 20 मिनिटं धावायचं असतं. त्याच आठवड्यात आधी सलग 8 मिनिटांपलीकडे मजल गेलेली नसते, त्यामुळे आकडा वाचूनच अनेकांचे पाय गळतात. त्या दिवसासाठी तुमची सगळ्यांत लाडकी चार-पाच गाणी आजच निवडून बाजूला ठेवा. तोवर ती ऐकू नका. नमस्कार.