निलंबित लायसनचा हिशेब

मंडळी, कोगनोळीचा सीमानाका ओलांडून रोज कागल, कोल्हापूर गाठणारे ड्रायव्हर या सभागृहात बरेच दिसतात. निपाणीची अर्धी कमाई चाकांवर चालते. म्हणून आज मी अपघातांपेक्षा पैशांबद्दल बोलणार आहे. लायसन निलंबित झालं की कुणाचं किती जातं, आणि त्यातलं सरकारच्या तिजोरीत किती पडतं?

कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली. कलम 206 प्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं आणि त्याने कलम 19 खाली सुनावणी घ्यायची. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, पुन्हा सापडलात तर लायसन रद्द. या गुन्ह्यांत दारू पिऊन गाडी हाकणं आहे, तसं हेल्मेट न घालणंही आहे. नशेत ट्रक चालवणारा आणि शेतावर डबा पोचवायला बिनहेल्मेट निघालेला, दोघांना एकच माप! मला हे पटत नाही. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्यात माझी तडजोड नाही. पण शिक्षेचं वजन धोक्याच्या वजनाला धरून असावं.

आता आकडे मांडू. कर्नाटकाने सप्टेंबर 2019 मध्येच हेल्मेटचा दंड 1,000 वरून 500 रुपयांवर आणला. समजा, भाजीचा पिकअप चालवणारा एखादा पोरगा मोटारसायकलवर बिनहेल्मेट सापडला आणि लायसन निलंबित झालं. त्याची मजुरी रोज 700 रुपये, महिन्याला 25 दिवस. तीन महिन्यांचे झाले 52,500. सरकारला मिळाले 500, आणि घरातून गेले 52,500. शिवाय गाडी दारात उभी राहिली की डिझेलवरचा कर बुडतो, त्यातला एक हिस्सा राज्याचाच. सीमेवर तर याची आणखी एक अडचण होते: पावती कागलला फाटली तर दंड महाराष्ट्राच्या तिजोरीत, आणि पिकअप निपाणीत थांबला तर डिझेलचं नुकसान कर्नाटकाचं. दंडाचा आकडा अहवालात येतो. बुडालेली मजुरी आणि कर कुठल्याच अहवालात येत नाही.

आणि खरंच गाडी थांबते का? पहाटे तीनला टोमॅटोचे क्रेट भरून तयार असतात, व्यापाऱ्याचा फोनवर फोन येतो, बदली ड्रायव्हर मिळत नाही. मग तोच पोरगा लायसन नसताना स्टिअरिंगवर बसतो. पकडला गेला तर कलम 182 खाली 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि दुर्दैवाने कुणाला धडक बसली तर प्रकरण अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात जातं. ड्रायव्हर अपात्र असल्याचं मालकाला ठाऊक होतं हे सिद्ध झालं, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला निघते. चार वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेला पिकअप, त्यावर ही वसुली. अशी घरं पुन्हा उभी राहायला फार वेळ लागतो.

याला उपाय आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम 19 मध्येच लिहिलंय की निलंबन लायसनवरच्या सगळ्या वाहनवर्गांसाठी करता येतं किंवा एखाद्याच वर्गासाठी. म्हणजे मोटारसायकलवरच्या चुकीसाठी फक्त मोटारसायकलचा वर्ग तीन महिने बंद ठेवा, पिकअपचा चालू राहू द्या. दारू प्यालेल्याचे मात्र सगळेच वर्ग बंद करा आणि लगेच करा. तिथे मजुरी बुडण्याचा हिशेब मांडायचाच नाही, कारण उद्या इस्पितळाचा आणि भरपाईचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. हा फरक आदेशात कारणांसह लिहायला अधिकाऱ्याला दोन ओळी जास्त लागतील, एवढंच.

दुसरी गोष्ट थकलेल्या दंडाची. चलन भरलं नाही तर लायसन अडकवा, ही मागणी अधूनमधून ऐकू येते. अमेरिकेत हा प्रयोग वर्षानुवर्षं झाला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची कमाई बंद केल्यावर तो दंड कशातून भरणार, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. शेवटी कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये आणि व्हर्जिनियाने 2020 मध्ये थकबाकीपोटी लायसन निलंबित करणं थांबवलं. आपल्याकडे कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये थकलेल्या ई-चलनांवर निम्मी सूट दिली, तेव्हा भरायला रांगा लागल्या. दरवेळी सूट देण्याची मी बाजू घेत नाही, कारण लोक मग सवलतीची वाट बघतात. हप्त्यांनी भरायची सोय दिली तर पूर्ण रक्कम येईल आणि गाडीही चालू राहील.

सुनावणीचंही बघा. निपाणीच्या माणसाला चिकोडीच्या आरटीओत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. नोटीस कन्नडमध्ये येते, ती वाचून घ्यायला कुणाला तरी पकडावं लागतं, तेवढ्यात तारीख निघून जाते आणि एकतर्फी आदेश होतो. कायदा म्हणतो, बाजू मांडायची संधी द्या. वाचताच न येणाऱ्या कागदाने ती संधी मिळत नाही. मराठीतली प्रत जोडायला एक पान लागतं, आणि त्या पानामुळे पुढची कितीतरी अपिलं वाचतील.

तोवर आपण काय करायचं, ते लिहून घ्या. घटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं मांडू शकता. उत्तर मराठीत लिहा. त्यात फक्त संबंधित वर्गापुरतं निलंबन मागा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तरीही आदेश विरुद्ध गेला, तर तो हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.