कवळीचं मऊ अस्तर कडेनं का सुटतं?

नमस्कार. ही खालची कवळी जरा जवळून बघा. कडेला नख लावते... बघा, अस्तर उचललं गेलं. सांगलीतल्याच एका आजींची आहे. काल म्हणाल्या, "डॉक्टर, सहा महिन्यांत उकललं की हो!"

खालच्या जबड्याचं हाड दात गेल्यावर झिजत जातं, हिरडी पातळ होते आणि कडक कवळी टोचू लागते. म्हणून आतून दोन-तीन मिलिमीटर जाडीचं मऊ अस्तर देतात. ॲक्रिलिकचं अस्तर कवळीला छान धरतं, कारण कवळीही ॲक्रिलिकचीच असते. पण त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर लाळेत झिरपून जातं आणि काही महिन्यांत ते कडक होतं. दुसरं, रबरासारख्या सिलिकॉनचं अस्तर मऊ राहतं, पण ॲक्रिलिकला आपणहून चिकटत नाही. मध्ये प्रायमर, म्हणजे दोन्हींना जोडणारा द्रव, लावावा लागतो, आणि सगळी भिस्त त्या पातळ थरावर.

प्रयोगशाळेत अशा जोडाचे नमुने 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आलटून पालटून हजारो वेळा बुडवतात, मग ओढून बघतात. दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचार किलोची ओढ सोसली, तर जोड चालण्याजोगा मानतात. मला मात्र हा आकडा पुरेसा वाटत नाही. तिथे ओढ सरळ असते. तोंडात अस्तर कडेपासून सोललं जातं, प्रत्येक घासाला थोडं थोडं. फटीत पाणी शिरतं, अन्न अडकतं, कँडिडा बुरशी वाढते, वास येतो.

आजी रोज रात्री कवळीवर उकळतं पाणी ओतायच्या. का? हळदीचा पिवळा डाग जावा म्हणून! अहो, आपलं गाव हळदीचं, डाग पडणारच. नुसत्या डागानं अस्तर सुटत नाही, उकळत्या पाण्यानं सुटतं. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि रात्री कवळी पाण्यात ठेवा, कोरडी नको. कड सुटली तर घरी डिंक लावून चिकटवू नका, कळवळून सांगते. तो डिंक तोंडासाठी नसतो, आणि नंतर आम्हाला तो जोड नीट साफही करता येत नाही.

हे अस्तर मी पूर्ण काढतेय. नवं सिलिकॉन लॅबमध्ये उष्णतेनं पक्कं करून घेणार. ते जास्त टिकतं. तोवर दोन दिवस आजी कवळीविना. सुनेला सांगितलंय, भाकरी दुधात कुस्करून द्या.