हिशेब दाखवा, मग बोलू
(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कर्जवसुलीच्या पत्राचा साचा आता तुमच्या ओळखीचा झाला असेल. वर तराजूचं चित्र. त्याखाली लाल अक्षरांत ‘अंतिम सूचना’. पहिली कधी आली होती, ते कुणालाच आठवत नाही. मग एक आकडा, मग ‘४८ तासांच्या आत’, मग वॉरंट, अटक, जप्ती आणि ‘सामाजिक प्रतिष्ठा’ एकाच वाक्यात. तळाशी क्यूआर कोड. कर्ज मुळात कुणी दिलं, कोणत्या शाखेनं, खाते क्रमांक काय, मुद्दल किती, व्याज किती, याबद्दल एक अक्षर नाही.

मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली, म्हणजे पत्रं पाठवणाऱ्यांच्या बाजूला बसलो. त्यामुळे आधीच सांगतो, नुसत्या भाषेवरून पत्र खरं की खोटं हे ओळखता येत नाही. खऱ्या कंपन्याही दमदाटी लिहितात, आणि भामटे हल्ली इतकं चोख कायदेशीर लिहितात की आमच्या विधी विभागानं मान खाली घालावी. म्हणून भाषा सोडा आणि पत्रात काय दिलेलं नाही ते बघा.

खऱ्या हक्कानं पैसे मागणारा तीनपैकी एक असतो. एक, ज्यानं कर्ज दिलं ती बँक, पतसंस्था किंवा फायनान्स कंपनी. दोन, तिनं नेमलेली वसुली एजन्सी. एजन्सी कर्जाची मालक नसते, ती निरोप्या. पैसे जायचे ते बँकेतल्या तुमच्या कर्जखात्यात, एजंटच्या फोनवरच्या यूपीआयवर नाही. आणि कोणती एजन्सी नेमली, हे बँकेनं तुम्हाला कळवायचं असतं. तीन, कर्ज विकत घेणारी कंपनी. २००२च्या सरफेसी कायद्यापासून (थकीत कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा) बँका आपली बुडीत कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. या कंपन्यांची रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असते आणि यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तेव्हा ‘तुमचं कर्ज आम्ही घेतलंय’ असं कुणी म्हणालं, तर हस्तांतराचा लेखी करार असलाच पाहिजे. तो दाखवायला सांगा.

खात्री करायला पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच ‘बाबा, तू खरा ना?’ असं विचारण्यात काय अर्थ? जुन्या पासबुकावरचा नंबर घ्या, नाहीतर सरळ शाखेत जा. दुसरं, स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सगळे त्याला सिबिल म्हणतात, पण अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तुमच्या पॅनवर दुसऱ्याच कुणी कर्ज उचललं असेल, तर ते बहुधा तिथेच दिसतं. तसं दिसलं की १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार, आणि कर्ज देणारी कंपनी व क्रेडिट कंपनी या दोघींना लेखी हरकत.

हिशेब मागण्यात संकोच कसला? आपल्या मुलखात त्यासाठी दंगे झालेत. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडे आधी काय मागितलं? वह्या आणि कर्जरोखे. हाती लागले ते जाळले. इंग्रज सरकारनं चौकशी समिती नेमली, आणि १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात सावकारानं पावती द्यावी, खात्याचा उतारा द्यावा, हे लिहून ठेवावं लागलं. आज काही जाळायला नको, स्पीड पोस्टानं काम होतं. रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, त्यामुळे काउंटरवर हुज्जत घालू नका. पोच मात्र मागून घ्या.

पत्रात काय लिहायचं? लोक इथेच घसरतात. ‘सध्या अडचण आहे, पुढच्या महिन्यात थोडे थोडे भरीन’ असं लिहितात. माणूस सज्जन, पण त्यानं आपल्या सहीनं देणं कबूल करून टाकलं. त्याऐवजी चार ओळी पुरतात: ‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. त्यात नमूद केलेले देणे मला मान्य नाही. मूळ कर्जदात्याचे नाव, कर्ज कराराची प्रत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा आणि आपल्याला वसुलीचा अधिकार देणारे पत्र पाठवावे. माझे सर्व हक्क राखून हे पत्र लिहीत आहे.’ बस. आधार, पॅनची झेरॉक्स जोडू नका. रागावूही नका; पत्र पुढेमागे न्यायाधीशासमोर जाऊ शकतं.

कबुलीवर एवढा जोर का, तर मुदतीचा कायदा, १९६३. साध्या, विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत उलटली तर समोरच्यानं मुद्दा काढला नाही तरी न्यायालयानं तो दावा फेटाळायचा असतो. पण मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून देणं मान्य केलंत, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद सहीनिशी दिलीत, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आणि मुदत संपल्यावर ‘हे कर्ज मी फेडीन’ असं सहीनिशी लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो. एजंट ‘काका, नुसते पाचशे भरा, फाइल बंद करतो, इथे एक सही’ म्हणतो, तेव्हा त्याला पाचशे नको असतात, सही हवी असते. फोनवर असाल तर ‘लेखी पाठवा’ म्हणून ठेवून द्या. त्याचं पाठांतर तुमच्यापेक्षा चांगलं असतं.

इथे एक सावध करतो. तीन वर्षं झाली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं नाही. बँक मागू शकते, क्रेडिट रिपोर्टवर डाग राहू शकतो. घर गहाण असेल तर मुदत बारा वर्षांची. आणि घेतलेलं कर्ज खरंच बाकी असेल, तर त्याच खातेउताऱ्यावर बोट ठेवून बँकेशी तडजोड करा. बुडवायची युक्ती शिकवायला मी आलेलो नाही.

घरी येणाऱ्या एजंटबद्दल थोडक्यात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात बजावलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बभ्रा करायचा नाही. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र त्याच्याजवळ हवं. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार; तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. अंगावर आला तर पोलीस, तिथे तीस दिवस थांबायचं नाही. अटकेचं म्हणाल, तर नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी ४८ तासांत उचलून नेत नाही. ती दिवाणी बाब आहे.

पण काही कागद असे असतात की ते केराच्या टोपलीत गेले तर नंतर पस्तावायची वेळ येते. चेक परत गेल्याची कलम १३८ची नोटीस. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यावी लागते, आणि तो प्रकार मात्र फौजदारी. सरफेसीची साठ दिवसांची नोटीस. लवाद नेमल्याचं पत्र. गप्प बसलात तर एकतर्फी निवाडा होऊ शकतो. न्यायालयाचं समन्स खरं आहे का ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं किंवा सीएनआर क्रमांकानं, म्हणजे त्या खटल्याच्या स्वतंत्र क्रमांकानं, बघता येतं. लोकअदालतीच्या पत्रानं लोक विनाकारण हादरतात. तिथे दोघांच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही, आणि नाही गेलात म्हणून वॉरंट निघत नाही. हिशेब पटत असेल तर जाच. व्याजात बऱ्यापैकी सूट मिळते.

चिठ्ठ्यांतून दोन प्रश्न आलेत. पहिला: वडील वारले, आता त्यांच्या क्रेडिट कार्डाचे पैसे मुलाकडे मागतायत. वडिलांचं ऋण मुलानं फेडायचं हे आपल्यात इतकं मुरलंय की एजंटला फार बोलावंच लागत नाही. पण वारसाची जबाबदारी वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. काही आलंच नसेल तर तुमच्या पगाराला, तुमच्या घराला हात लावता येत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला न्यायालयात खेचता येत नाही. मृत्यूचा दाखला बँकेला पाठवा, कार्डावर विमा होता का ते विचारा, आणि ‘मी भरीन’ असं कुठेही लिहू नका.

दुसरी चिठ्ठी, अपेक्षा होतीच, जामीनदाराची. ‘मी कर्ज घेतलंच नाही, तरी पतसंस्थेची नोटीस आली.’ आठवून बघा, कुणा सहकाऱ्याच्या, भाच्याच्या फॉर्मवर चहा पिता पिता सही केली होती का? केली असेल तर ते पत्र खरं असू शकतं, कारण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ हे चालत नाही. सहकारी संस्था दिवाणी दावा न लावता महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते, आणि त्यावर वसुली अधिकारी जप्तीला येतो. म्हणून १०१च्या सुनावणीच्या तारखेला हजर राहा. सही तुमची नसेल तर तिथेच हरकत घ्या, हिशेब चुकला असेल तर तिथेच दाखवा. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि शेवटी पैसे भरायचीच वेळ आली, तर पावती स्वतःच्या नावाची घ्या, भरणाऱ्याच्या पुढे ‘जामीनदार’ असं लिहून घ्या. भाच्याकडून ते पैसे वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो दाखवायला तीच पावती लागेल.