मोहीनेर घोडागुली आणि बंगाली बँडसंगीत

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी कोलकात्याच्या एका बँडविषयी बोलणार आहे. 1975 च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय यांनी आपले भाऊ आणि मित्र यांना जमवून सात जणांचा 'मोहीनेर घोडागुली' हा बँड उभा केला. नाव जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतलेले. 1981 मध्ये बँड थांबला. तेवढ्या काळात मोजक्याच ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या काळच्या बहुसंख्य श्रोत्यांनी त्यांच्याकडे पाठच फिरवली.

त्यात नवल नव्हते. रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते यांत रमलेल्या कानांना गिटार, व्हायोलिन आणि ड्रम यांच्या साथीने येणारे, बाऊल म्हणजे बंगालमधल्या भटक्या लोकगायकांच्या वळणाचे सूर परके वाटले असणार. शिवाय गाण्यांचे विषय निराळे होते. तरुणपणी नक्षलवादी चळवळीत ओढले गेलेले आणि तुरुंगवास भोगलेले गौतमदा केवळ प्रेमविरहाची गाणी लिहीत बसणे शक्यच नव्हते. 1977 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतले 'हाय भालोबाशी' हे गाणे पाहा. गाणारा आपल्याला काय काय आवडते ते सांगत जातो: चांदण्यात काशफुलांच्या रानातून धावणे, पिकासो आणि दान्ते, बीटल्स, डिलन, बेथोवेन ऐकणे, रविशंकर आणि अली अकबर यांना ऐकून पहाटेच्या धुक्यात घरी परतणे. आणि मग गावोगाव, बंदरांवर, शेतांत घाम गाळणारी माणसे दिसली की यातले काहीच गोड लागत नाही, असे तो म्हणतो. आवडींचा इतका मनमोकळा पाढा आणि लगेच ही टोचणी, हे एका गाण्यात इतक्या साधेपणाने आलेले मी फार थोड्या ठिकाणी ऐकले आहे.

परंतु या बँडचा खरा प्रभाव पडला तो तो थांबल्यानंतर, आणि त्याचे श्रेय माझ्या मते गौतमदांच्या एका निर्णयाला आहे. 1995 मध्ये त्यांनी 'आबार बोछोर कुडी पोरे' हा संग्रह काढला, तेव्हा जुना बँड पुन्हा मंचावर आणण्याऐवजी त्यांनी नव्या मुलांना बोलावले, त्यांची गाणी जुन्या गाण्यांशेजारी ठेवली आणि स्वतःच्या बँडकडे संपादकाची भूमिका घेतली. पुढे 1998 पर्यंत असे आणखी तीन संग्रह आले. जून 1999 मध्ये गौतमदा गेले. तोवर बंगाली बँड ही कल्पना कोलकात्यात रुजली होती. चंद्रबिंदू, कॅक्टस, फॉसिल्स, भूमी या बंगाली बँडचे सूर एकमेकांहून वेगळे असले, तरी आपल्या भाषेत, आपल्या शहराविषयी रॉक गाता येते हा भरवसा त्यांच्या पिढीला या सात जणांनी दिला.

याच 1995 च्या संग्रहातल्या 'पृथिबीटा नाकी' या गाण्याची चाल 2006 च्या 'गँगस्टर' चित्रपटातल्या 'भीगी भीगी' या गाण्यातून महाराष्ट्रातही घरोघर पोहोचली. मूळ शब्दांत मात्र भिजलेल्या रात्री नाहीत. उपग्रह आणि केबल यांच्या हाती लागून आक्रसत गेलेले जग दिवाणखान्यातल्या खोक्यात कैद झाले, अशी ती व्यथा आहे. चालीइतकेच बळ त्या व्यथेत आहे, म्हणून ज्यांना फक्त हिंदी गाणे ठाऊक आहे त्यांनी मूळ बंगाली गाणे आवर्जून ऐकावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.