ढगापलीकडून पाहिलेला पूर

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात आभाळ गच्च भरलं की साध्या उपग्रहाला वरून ढगच दिसतात, कारण त्याला सूर्याचा उजेड लागतो आणि तो उजेड ढगांवरूनच परततो. रडारच्या उपग्रहाला तो लागत नाही. तो स्वतःची लहर खाली सोडतो आणि परत आलेली टिपतो. अंधारात विहिरीत बॅटरी मारून आपण पाणी बघतो, तसंच. रात्र असो, उजेड त्याचा स्वतःचा. आणि ही लहर रेडिओची, ती ढगांतूनही आरपार जाते.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर. पाणी ओसरल्यावर मी मामांना युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं त्या दिवसांतलं चित्र दाखवलं. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरून निसटावी तशी पलीकडे जाते, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. मामांनी चष्मा पुसला, बोटानं नदीचं वळण धरलं, मळीचं रान शोधलं. पूररेषेच्या आत प्लॉट पाडणाऱ्यांना हे चित्र एकदा समोर बसवून दाखवावं, असं मला फार वाटतं. असो. मामांचं बोट एका जागी थांबलं.

"आरं, माझा ऊस ह्यात कोरडा दिसतोय की! चार दीस पाण्यात हुता त्यो."

मला पटेना. मामा मला रानात घेऊन गेले. प्रत्येक कांडीवर गाळाची रेघ होती, बरोबर माझ्या छातीला.

चूक मामांची नव्हती. सेंटिनेलची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची. उसाच्या दाट पाल्यातच ती अडकली आणि तिथूनच मागं फिरली. पाल्याखालचं पाणी तिला दिसलंच नाही.

लांब लहर पाल्यातून खाली उतरते, पुन्हा सांगतो, लांब लहर खाली उतरते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार उपग्रहावर नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, सोबत इस्रोचं रडार आहे. दर १२ दिवसांनी तो त्याच वाटेनं येतो. मागचं आणि आताचं चित्र ताडून जमीन किती सरकली, किती खचली, हेही कळतं.

मामांनी त्या रेघेच्या उंचीला गोठ्याच्या भिंतीत खिळा ठोकला, शेजारी तारीख लिहिली. २०२१ च्या पुरानंतर त्याच्याखाली दुसरा खिळा आला. निसारची चित्रं घेऊन मी आधी त्या भिंतीपाशी जाणार आहे.