सीट खाली करून देतो नं, ताई!

श्रोतेहो, नमस्कार. माझी उंची 4 फूट 9 इंच. रेडिओवर ती दिसत नाही म्हणून आधीच सांगून टाकते, कारण आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. एसटी फाट्यावरूनच जाते आणि ऑटोवाला सीटा भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून 42व्या वर्षी ठरवलं, सायकल घ्यायची. गिअर नको, शॉकप नको. मागे कॅरिअर, समोर टोपली, झालं.

पहिल्या दुकानात बाबांच्या काळात असायची तशी काळी, दणकट सायकल उभी होती. लहानपणी मी त्यावर कैची मारत शिकले, दांड्याखालून पाय घालून. आता या वयात कैची मारत बाजाराला जाऊ का? दुकानदार म्हणाला, "ताई, चोवीसची पाहा, लहान येते." तर पंक्चर काढत बसलेला पोरगा म्हणे, "चोवीस लय मोठी होईल ताईले!"

गंमत अशी की दोघंही खरंच बोलत होते. काळ्या सायकलीत 22 आणि 24 हे फ्रेमचं माप असतं, चाकं 28चीच. मुलांच्या आणि लेडीज सायकलीत 20, 24, 26 म्हणतात ते चाकाचं माप. आकडा तोच, पण एक सायकल माझ्या छातीला लागते आणि दुसरी शाळकरी पोराची. म्हणून फोनवर नुसतं "चोवीसची आहे का" विचारून दुकानात जाऊ नका. चोवीसची म्हणजे काय, चाक की फ्रेम, हे आधी विचारा.

मग मी घरी येऊन माप घेतलं. चप्पल काढून भिंतीला पाठ लावायची, दोन पायांच्या मध्ये जाडशी वही घट्ट वर धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. माझं आलं 26 इंच. 22 फ्रेमच्या काळ्या सायकलचा दांडा जमिनीपासून 32च्या आसपास. म्हणजे थांबले की दांड्यावर आदळणारच. दांडा आपल्या मापापेक्षा इंच-दोन इंच तरी खाली हवा.

दुसऱ्या दुकानात बिनदांड्याची दाखवली, पण 28 चाकांची. वाटलं, जमलं! पण फ्रेमच उंच, त्यामुळे सीट पार खाली बसवली तरी पायडल खाली गेलं की पाय पुरेना. बिनदांड्याची म्हणजे बुटक्यांची, असं काही नसतं.

आणि जी सीट खाली जाते, तिथे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य असतं, "सीट खाली करून देतो नं, ताई, दोन्ही पाय टेकतात पाहा!" टेकतात, खरं आहे. पण मग गुडघे पोटापर्यंत येतात आणि फाट्यापर्यंतच्या चढावर मांड्या भरून येतात. मी महिनाभर पुतणीची सायकल अशीच चालवली होती. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेच्या मुलींना सायकली मिळतात ना, त्यातली. गुडघ्याला तेल चोळून चोळून बाटली संपली, तेव्हा गावातल्या सायकलवाल्या काकांनी सीट तीन बोटं वर घेतली. म्हणाले, "टाच पायडलवर ठेव, पायडल पार खाली ने, पाय सरळ झाला पाहिजे." चालवताना पंजा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेवढाच बरा. "अन् थांबल्यावर?" मी विचारलं. "थांबल्यावर सीटवर बसून कोण राह्यते? पुढं उतर!"

इतकं सोपं होतं! सीटची उंची पायडल मारण्यासाठी, दांड्याची उंची थांबण्यासाठी. ही दोन मापं दुकानात एकच समजतात.

शेवटी घेतली 26 चाकांची, खाली झुकलेल्या दांड्याची, 18ची फ्रेम असलेली. घ्यायच्या आधी ब्रेकच्या दांड्यांपर्यंत बोटं पोचतात का ते पाहिलं, माझे हातही लहानच. चेनकव्हर पूर्ण घेतलं, साडी अडकते म्हणून. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर फट पाहिली, कारण पावसाळ्यात आपली काळी माती तिथे अशी भरते की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीच्या काट्याला मात्र कोणत्याच सायकलीत इलाज नाही. पंपाचे आणि सोल्यूशनचे पैसे हिशेबात धरा.

आता एकच भांडण उरलंय. घरचे साहेब साडेपाच फुटाचे. सायकल नेली की सीट वर करतात आणि तशीच आणून ठेवतात. म्हणून मी सीटच्या पाइपवर लाल नेलपॉलिशची रेघ मारलीय. रेघेच्या वर सीट दिसली की त्या दिवशी चहा उशिरा.

नमस्कार.