आर्नोकाठची कोल्हापूरची छत्री

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊया इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात.

फ्लॉरेन्स आहे आर्नो नदीवर. आपेनाइन डोंगरात उगम पावणारी ही नदी साधारण 240 किलोमीटर वाहत पिसाजवळ समुद्राला मिळते. भोवती टेकड्या, मधे शहर, त्यामुळे उन्हाळ्यात उकाडा नुसता कोंडून राहतो. आणि नदी फुगली की फुगली! 1333 च्या पुरानं जुना पूल वाहून नेला. त्या जागी 1345 मध्ये उभा राहिला तो पोन्ते वेक्यो, दोन्ही कडांना दुकानं असलेला पूल. आधी तिथे खाटीक बसायचे. 1593 मध्ये त्यांना उठवून सोनारांना जागा दिली, ते सोनार आजही तिथेच आहेत. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला.

आणि तिथल्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा तो मोठा घुमट! ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकारानं 1420 ते 1436 या काळात, जमिनीपासून आधाराचा सांगाडा न उभारता बांधलेला. आतून 463 पायऱ्या चढून वर जाता येतं. माझं स्पष्ट मत आहे, सहलवाल्यांनी फ्लॉरेन्स अर्ध्या दिवसात उरकणं हा अन्याय आहे. लोक घुमटाखाली फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. पायऱ्या चढायला वेळच देत नाहीत हो!

पण आज मला मुख्य सांगायचंय ते घुमटाचं नाही. मला सांगायचंय कोल्हापूरचं.

साल 1870. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे राजाराम, इंग्लंडच्या प्रवासाला निघाले. वय जेमतेम वीस. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ, आणि हा तरुण राजा निघाला! लंडनला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. काय पाहिलं, कोणाला भेटलो, हे महाराज रोजनिशीत इंग्रजीतून लिहून ठेवत. ती रोजनिशी पुढे 1872 मध्ये छापली गेली. आपल्याकडच्या किती घरांत ती वाचली गेली असेल? फार थोड्या. शाळेत लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात, तिथे वीस वर्षांच्या राजाची रोजनिशी का नाही वाचायला देत, हे मला कधीच समजलेलं नाही. असो.

परतीच्या वाटेवर महाराजांची तब्येत ढासळली. फ्लॉरेन्समध्ये मुक्काम पडला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आता बरोबरच्या माणसांची अवस्था डोळ्यांपुढे आणा. परका मुलूख, परकी भाषा आणि आपला राजा गेलेला. दहन तर व्हायलाच हवं. पण इटलीत तेव्हा माणसं पुरत, जाळत नसत. तिथली पहिली दहनभट्टी मिलानला सुरू झाली ती 1876 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होतं, सगळे अधिकारी शहरातच. खास परवानगी मागितली आणि ती मिळाली.

जागा कुठली? तर काशीने नावाच्या मोठ्या बागेचं पश्चिम टोक. तिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. आर्नो आणि मुन्योने. संगम, श्रोतेहो! परक्या शहरात त्या माणसांनी संगम शोधून काढला. रात्री तिथे चिता रचली. चंदन, तूप, कापूर, सगळं रीतसर. आपल्या छत्रपतींना अग्नी दिला गेला तो आर्नो-मुन्योनेच्या संगमावर.

1874 मध्ये त्या जागी स्मारक झालं. खांबांवर पेललेली छत्री, तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं. चार बाजूंना चार भाषांतले लेख. पुतळा केला फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं, आणि आराखडा होता मेजर मँट यांचा. मँट म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला, तेच! कोल्हापूरकरांनी राजवाडा पाहिलेला असतोच. त्याच हाताची ही छत्री.

फ्लॉरेन्सच्या लोकांनी या राजाला 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय', म्हटलं. 1970 च्या दशकात जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळालं, पोन्ते आल इंडियानो. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात.

तर फ्लॉरेन्सला जाणार असाल तर घुमट पाहा, पोन्ते वेक्यो पाहा, पण एक सकाळ राखून ठेवा. ट्रामनं काशीने बागेशी उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहा. बाग चांगली तीनेक किलोमीटर लांब आहे, पायात चालायचे बूट हवेत. मंगळवारी गेलात तर बागेत आठवडी बाजारही भरलेला असतो. बाजार संपला तरी थांबू नका, अगदी टोकापर्यंत जा. छत्री तिथे आहे.

नमस्कार.